एकाच घरातील धाक आणि लाड



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते त्यांनी आपले उभे आयुष्य तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या सहवासात घालविले, आणि म्हणून त्यांच्या नावाने चालणाऱ्या या व्यासपीठावरून बोलताना एखाद्या विशाल तात्त्विक प्रश्नाचा ऊहापोह करण्याऐवजी, घराघरांतून रोज कानी पडणाऱ्या एका फिर्यादीचाच साकल्याने विचार करावा, असे मी योजिले आहे. मूल ऐकत नाही, ही ती फिर्याद. ते मारते, चावते, हाती येईल ते फेकते, मनासारखे झाले नाही की जमिनीवर अंग टाकून भोकाड पसरते, बालवाडीत शेजारच्याचे खेळणे हिसकावते, आणि समजावू गेले तर अधिकच चेकाळते. ही कैफियत मांडताना घरातील वडीलधारी मंडळी सांगतात की पूर्वी घराला धाक होता, वडिलांच्या वहाणांचा आवाज ओसरीवर आला की मुले चिडीचूप होत, तो धाक उरला नाही म्हणून ही पिढी बिघडली. आणि तरुण आईबाप सांगतात की मुलाचे मन कोवळे असते, त्याला दुखवू नये, सतत नाही म्हणत राहिल्याने ते कोमेजते. धाक की लाड, असा हा जुना वाद आहे, आणि त्यात बहुतेकांनी आपापली बाजू निवडलेली असते.

माझे म्हणणे असे की हा वाद ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीतच खरे नाही. धाकाची घरे वेगळी आणि लाडाची घरे वेगळी, असे आपण मानतो; परंतु बालवाडीच्या कामात पुष्कळ काळ काढलेल्या माझ्यासारखीला जी घरे जवळून पाहावयास मिळाली, त्यांतील बहुतेकांत धाक आणि लाड हे दोन्ही एकाच छपराखाली, एकाच संध्याकाळी, कित्येकदा एकाच माणसाच्या हातून आळीपाळीने चालत असतात; आणि मुलाच्या वर्तनातील बिघाडाचे मूळ या दोहोंपैकी एकट्या कशात असण्यापेक्षा त्यांच्या या पाळीपाळीच्या अंमलात अधिक असते.

विषयाच्या गाभ्याकडे वळण्यापूर्वी आईबापांच्या मनावरचा थोडा भार उतरविणे मला अगत्याचे वाटते. दोन-अडीच वर्षांचे मूल मारते किंवा चावते यात काही विपरीत घडलेले नसते. माँट्रियल येथील रिचर्ड ट्रेंब्ले यांनी लहानपणापासून मोठेपणापर्यंत मुलांचा मागोवा घेऊन असे दाखविले आहे की माणसाच्या आयुष्यात शारीरिक आक्रमकतेचे प्रमाण सर्वाधिक असते ते ऐन तारुण्यात नव्हे, तर दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान, आणि त्यानंतर बहुतेक मुलांत ते ओसरत जाते. मारणे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. न मारता आपले म्हणणे कसे मांडावे, थोडे थांबावे कसे, हे मात्र त्याला शिकवावे लागते. तेव्हा मूल बिघडले कशाने, या प्रश्नापेक्षा जे शिकवायचे ते आपण कसे शिकवीत आहोत, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने विचार करणाऱ्यांत अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या डायना बाउमरिंड यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९६६ आणि १९६७ साली त्यांनी जे निबंध प्रसिद्ध केले त्यांवर या विषयाची पुढची सारी इमारत उभी आहे. त्यांच्या पद्धतीत एक विशेष होता. आईबापांना तुम्ही कसे वागता असे विचारून त्या थांबल्या नाहीत. बालशाळेतील मुलांचे त्यांनी आधी निरीक्षण केले, स्वावलंबी व समाधानी मुले कोणती, रुसलेली व अविश्वासी कोणती, स्वतःवर यत्किंचितही ताबा नसलेली कोणती, अशी त्यांची विभागणी केली, आणि मग या मुलांच्या घरी काय चालते ते पाहिले. हुकूम सोडणाऱ्या, कारण न देणाऱ्या आणि आज्ञापालनालाच सद्गुण समजणाऱ्या आईबापांची मुले बहुशः असमाधानी, अंतर्मुख आणि साशंक आढळली. कशालाच नाही न म्हणणाऱ्या प्रेमळ आईबापांची मुले आनंदी असतील अशी कोणाची कल्पना असेल, तर ती तेथे खरी ठरली नाही. स्वतःवरचा ताबा याच मुलांत सर्वांत कमी होता, आणि नव्या गोष्टीला सामोरे जाण्याचे धैर्यही. ज्या घरांत अपेक्षा स्पष्ट होत्या, नियम पाळले जात होते, पण त्यांची कारणे सांगितली जात होती आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जात होते, त्या घरांतील मुले सर्वांत सुदृढ मनाची होती. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी या वर्गीकरणात मुलाकडे लक्षच नसलेल्या आईबापांचा चौथा वर्ग घातला, आणि त्या घरांची दशा सर्वांत वाईट असते, हे सांगण्यास पुरावा हवा असेही नाही.

हे वर्गीकरण मोलाचे आहे, परंतु त्यामुळे एक गैरसमजही पसरला. आईबापांना वाटू लागले की आपण यांपैकी कोणत्यातरी एका कप्प्यात बसतो. प्रत्यक्षात काय घडते ते मी नुकतेच आमच्या गल्लीतील किराणा दुकानात पाहिले, आणि ते जरा तपशिलाने सांगते.

कामावरून परतलेली एक आई, खांद्याला कापडी पिशवी, बोटाला चार वर्षांचा मुलगा. दुकानाच्या दाराशी चिवड्या-वेफर्सच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, बरोबर मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. मुलाने बोट दाखविले. आई म्हणाली, "नाही, घरी जाऊन जेवायचंय." मुलाने ओढणी ओढली. "नाही म्हटलं ना एकदा!" मुलगा पायरीवर बसला आणि रडू लागला. "बघ हं, बाबांना सांगते." रडण्याचा सूर चढला. आईने पाठीत एक धपाटा घातला; त्यासरशी मुलाने चिखलात अंग टाकले आणि अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरची माणसे थांबली. दुकानदार तूरडाळ तोलता तोलता म्हणाला, "द्या हो ताई, पाच रुपयांचं तर आहे, लेकरू किती रडतंय." आईने माळेतून एक पुडी ओढून मुलाच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "पुन्हा मागशील तर बघ." रडणे तत्क्षणी थांबले. अर्धा किलो डाळ तोलून होण्याच्या अवधीत त्या मुलाच्या वाट्याला नकार, धमकी, मार आणि बक्षीस या चारही गोष्टी आल्या. ही आई कडक म्हणावी की लाडावणारी? ती थकलेली होती, लोकांच्या नजरेने ओशाळलेली होती, आणि तिच्या जागी आपल्यापैकी कोणीही बहुधा हेच केले असते.

परंतु त्या पायरीवर एक धडा पुरा झाला होता. पहिल्या नकाराला अर्थ नसतो, धमकीलाही नसतो, धपाट्याच्या पुढे जाऊन किंचाळत राहिले की हवे ते मिळते, एवढे त्या मुलाच्या अंगवळणी पडले. आईलाही एक धडा मिळाला: दिले की शांतता होते. दोघांनीही एकमेकांना शिकविले, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

ओरेगॉन राज्यातील यूजीन या गावी जेराल्ड पॅटरसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडदांड म्हणून तक्रार असलेल्या मुलांच्या घरी जाऊन, घरातील माणसे एकमेकांशी काय बोलतात, त्यावर दुसरा काय करतो, याची क्षणाक्षणाची नोंद ठेविली, ती नेमकी हीच प्रक्रिया टिपण्यासाठी. त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे दिसले की ज्या घरांतील मुले दांडगाई करतात त्या घरांत रागावणे, टोचून बोलणे आणि धमकावणे इतर घरांपेक्षा जास्त असते, आणि त्या धमक्यांची बजावणी मात्र कमी असते. आईबाप बोलत राहतात, मूल सूर चढवीत राहते, आणि ज्याचा सूर आधी उतरतो तो हरतो. अशा रोजच्या बारीकसारीक चकमकींतून मूल जबरदस्तीची कला आत्मसात करते आणि तीच घेऊन बालवाडीच्या अंगणात येते. तेथे इतर मुले त्याला खेळायला घेईनाशी होतात, बाई त्याच्यावर चिडू लागतात, आणि ज्याला घरी जिंकण्याची सवय लागली ते लेकरू बाहेर एकाकी पडते.

येथे कोणी म्हणेल की आम्ही नेहमी कुठे देतो, कधीतरीच देतो. दुर्दैवाने हे कधीतरीचे देणेच अधिक घातक आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली आपल्या प्रयोगांवरून हे निर्विवाद दाखवून दिले की जे वर्तन प्रत्येक खेपेस फळते त्यापेक्षा जे मधूनमधूनच फळते ते मोडणे फार कठीण असते. मधूनमधून लागणारी लॉटरीच माणसाला तिकिटाच्या खिडकीशी खिळवून ठेवते. जे मूल दहा वेळा नकार ऐकून अकराव्या वेळी जिंकते, ते पुढल्या वेळी दहा वेळा थकत नाही.

आता मारण्याविषयी. पहिली पाच वर्षे लालन आणि पुढली दहा वर्षे ताडन, असा उपदेश करणारे संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, आणि मारण्याचे समर्थन करणारा मराठी माणूस त्याच्या जोडीला आणखी एक दाखला बहुधा हमखास देतो, तो 'श्यामची आई'चा. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठविते, हा प्रसंग सर्वांना आठवतो. परंतु तो परतल्यावर आई काय करते, हे आठवणारे थोडे. तिने त्याच्यासाठी दही ठेविलेले असते. ती त्याला जवळ घेते, आपण का मारले ते सांगते, लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये ही आपली तळमळ त्याच्यापुढे उघड करते. त्या मातेचा प्रभाव शिंपटीत होता असे मानणाऱ्यांनी पुस्तकाची इतर पाने वाचली नाहीत, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते. दिवसरात्र जिचे सारे जगणे त्या मुलाभोवती होते, जी रोज त्याच्याशी बोलत होती, जिने एकदा सांगितलेले फिरविले नाही, तिच्या हातचा एक मार आणि दिवसभर न बोललेल्या, मोबाइलमधून डोके वर न काढलेल्या, नंतर वैतागून हात उचललेल्या पालकाचा एक मार, यांची तुलना होऊ शकत नाही. आणि तरीही मी असे म्हणेन की शिंपटी वगळूनही ती आई तीच आई राहिली असती.

हे केवळ माझे मत नाही. गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यासांचे, सुमारे १,६०,००० मुलांविषयीचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा मारण्याचा संबंध आक्रमकतेशी, बेशिस्तीशी आणि मनोव्यथांशी आढळला. मुलांच्या सुधारणेशी आढळला नाही. आपल्याकडे मार खाणे सर्वमान्य आहे म्हणून आपल्या मुलांना तो बाधत नाही, असा बचाव केला जातो. त्यात थोडे तथ्य आहे. लॅन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली भारतासह सहा देशांतील आयांचा व मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे मारणे रूढ आहे तेथे त्याचे दुष्परिणाम काहीसे सौम्य दिसले, परंतु तेथेही अधिक मार खाणारी मुले अधिक आक्रमक आणि अधिक भित्रीच होती. शाळेत मुलाला मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई केली आहे. स्वीडनने १९७९ सालीच ही मनाई घराच्या उंबऱ्याच्या आत नेली. आपल्याकडे उंबऱ्याच्या आतला बंदोबस्त अजून आपल्या विवेकावर सोपविलेला आहे.

या साऱ्यावरून, मूल बिघडले की दोष आईबापांचाच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मोठा अन्याय होईल, आणि आपल्या समाजात तो अन्याय बहुतांशी एकट्या आईवर होतो. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून तान्ह्या मुलांचा दीर्घकाल अभ्यास केला. त्यांत सुमारे ४० टक्के मुले जन्मतः सुलभ वृत्तीची, सुमारे १५ टक्के हळूहळू रुळणारी, आणि सुमारे १० टक्के अवघड निघाली: झोपेचा नेम नाही, भुकेचा नेम नाही, नव्या वस्तूला, नव्या माणसाला तीव्र विरोध. पहिले मूल सुलभ लाभलेल्या आईला आपण फार उत्तम माता आहोत असे वाटते, आणि दुसरे अवघड निघाले की तीच आई खचते; वास्तविक दोन्ही वेळी ती तीच होती. मुलाच्या स्वभावाशी आईबापांच्या अपेक्षांचा मेळ बसला की अवघड मूलही मार्गी लागते, असे थॉमस आणि चेस यांना आढळले. पिन्क्वार्ट यांनी २०१७ साली तब्बल १,४३५ अभ्यासांचा जो आढावा घेतला त्याचेही सांगणे असेच आहे: पालकांच्या वागण्याचा आणि मुलांच्या दांडगाईचा संबंध खरा आहे, पण तो लहान आहे, आणि तो दोन्ही दिशांनी वाहतो. दांडगे मूल सोशिक आईलाही कठोर करून सोडते. म्हणून मी तिला दोषी ठरवीत नाही. मात्र या दोघांपैकी हे चक्र थांबविण्याची शक्ती असलेला एकजण मोठा आहे, आणि जबाबदारी त्या मोठ्याकडे जाते.

मराठी घरांपुरती एक गोष्ट मला वेगळी सांगावीशी वाटते. आपल्याकडे मुलाला वाढविणारी माणसे दोनच नसतात. आईने नाही म्हटलेले आजीच्या पदराआड मिळते. आजीने रागावलेले आजोबांकडे रद्द होते. आणि बाबा रात्री उशिरा, लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन घरी आले की त्यांच्यापुढे दिवसभराच्या गुन्ह्यांची यादी वाचली जाते. जो माणूस मुलाला दिवसाकाठी जेमतेम तासभर भेटतो, त्याला आपण त्या तासापुरते फौजदार करून टाकतो. आजीआजोबा घरात असणे हे मुलाचे भाग्य आहे याविषयी मला शंका नाही, आणि आजीचा लाड बंद करा असे मी कधीही सांगणार नाही. गोष्ट सांगावी, कुशीत घ्यावे, सुपारीएवढा गूळ हातावर ठेवावा. परंतु आईने ज्याला नुकतेच नाही म्हटले तेवढे सोडून.

मग करावे काय? १९७० च्या दशकात शीला आयबर्ग यांनी अशा कुटुंबांसाठी जी उपचारपद्धती सिद्ध केली तिच्यात आई मुलासह एका खोलीत असते, आरशाआडून मार्गदर्शक पाहत असतो, आणि आईच्या कानातील यंत्रातून तिला हलकेच सूचना देत असतो. शिस्तीचे धडे तेथे नंतर येतात. आधी मुलाच्या मागे मागे जाऊन त्याच्याशी खेळणे, हुकूम न सोडणे, प्रश्नांची सरबत्ती न करणे, ते काय करीत आहे ते मोठ्याने बोलणे आणि चांगले केले की नेमके काय चांगले केले ते सांगणे, एवढेच चालते. भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांना आणि १९२६ साली त्यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाई मोडकांना हे कोणत्याही यंत्रावाचून उमगले होते. शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही, परंतु जागेवरून घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, हा नियम मात्र सर्वांना सारखा. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली पाड्यांतील मुलांसाठी जे काम उभे केले तेथेही, मुलाला न्हाऊमाखू घालून, खाऊ देऊन, मग शिकविण्याचा शिरस्ता होता. उपाशी, झोपेला आलेले मूल हट्टी नसते, ते उपाशी आणि झोपेला आलेले असते. दुकानातील तो मुलगाही बहुधा तसाच होता.

घरी नियम थोडे असावेत, आणि जे असतील ते दुकानाच्या वाटेवर, आधीच, शांतपणे सांगितलेले असावेत. जे देता येण्यासारखे आहे ते पहिल्या मागण्यालाच हसतमुखाने द्यावे; जे द्यावयाचे नाही ते किंकाळीनंतरही देऊ नये. ज्यांनी आजवर दिले आहे त्यांनी हे ध्यानी धरावे की देणे थांबविल्यावर पहिले काही दिवस आकांडतांडव कमी होण्याऐवजी वाढते, कारण मुलाला वाटते की आपण अजून पुरेसे ओरडलो नाही. पुष्कळ आईबाप याच टप्प्यावर, उपाय फसला असे समजून, हात टेकतात. तेथे टिकून राहावे, आणि टिकताना ओरडू नये.

शेवटी एक विनंती. बालवाडीच्या पालकसभेत ज्या खुर्च्या मांडलेल्या असतात त्यांवर आया बसलेल्या असतात. वडिलांना सुट्टी मिळत नाही, आणि आजीआजोबांना आमंत्रण नसते. या सभागृहात बालवाड्या चालविणारी मंडळी आहेत, त्यांनी यापुढे पालकसभा रविवारी घ्यावी आणि आमंत्रण घरातील सर्व मोठ्या माणसांच्या नावे पाठवावे. आणि जे वडील आज येथे उपस्थित आहेत त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर, मूल झोपल्यानंतर, घरातील सर्वांसह बसून एवढेच ठरवावे की आपल्या घरी कोणत्या दोन-तीन गोष्टींना नाही म्हणायचे आणि ते कोणीही मोडायचे नाही.